मसाल्याची बरणी

मस्कतच्या सुट्टीत अन्याय झाला तो माझ्या आईवर, आणि परतीच्या आदल्या दिवशी सकाळपर्यंत तो कुणाच्या लक्षातही आला नव्हता. आज लालबागला मसाला कुटायच्या गिरणीसमोर मिरचीचा ठसका लागला आणि मी थेट काकाच्या तिथल्या स्वयंपाकघरात पोचले.

मी तेव्हा शाळेत होते. काका मस्कतला एकटाच राहायचा. शेवटचं समुद्रावर जायला आम्ही चपला घालत होतो, तर तो म्हणाला, "वहिनी, जायच्या आधी तुमच्या हातचं सुरमईचं कालवण होऊन जाऊ दे!" आई रोजच्यासारखी ओट्याकडे वळली.

"आई अजून एकदाही समुद्रात गेली नाहीये!" मी ओरडले.

"आपल्या वरळीला काय समुद्र नाय?" बाबा हसले.

"आहे ना. तिथेपण मी डबे सांभाळतच बसते." आईने लालबागहून आणलेली मसाल्याची बरणी काकाच्या हातात ठेवली. "भावजी, मासे फ्रीजमध्ये आहेत. जमेल तुम्हाला."

बाबा काकाच्या मदतीला थांबले, आम्ही दोघी निघालो. पाणी कोमट होतं. साडी खोचून आई कमरेपर्यंत आत शिरली. लाट आली की ती किंचाळायची, आणि मी तिच्याहून मोठ्याने! परतलो तर काका आणि बाबा खोकत होते. कालवण जाळ तिखट झालं होतं. आईने पुन्हा वाढून घेतलं.

तेव्हा ती नुसती धमाल वाटली. आता राग येतो. ती बरणी मुंबईतच आईच्या साड्यांत गुंडाळली गेली, तेव्हाच तिची सुट्टी रद्द झाली होती.

तुम्हीही बॅगा भरताय ना? मग ती बरणी बाहेर काढा. आत्ता.