बाईंना ठाऊक नव्हतं

शिक्षिका व्हायला आमच्या गावातून बेळगावला गेलेली मी पहिलीच मुलगी. गाव निपाणीजवळ, घर जैन शेतकऱ्याचं, मळ्यात तंबाखू. त्या काळी शिक्षक व्हायला सातवी पुरे. ती पास झाले तशी घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पोरीला आधी शिकू दे म्हणून भावकीला गप्प केलं आणि स्वतः मला ट्रेनिंग कॉलेजात सोडून आले.

कॉलेजात शिक्षणशास्त्र शिकवणारे सर फार तयारीचे होते. पाठाची सुरुवात कशी करावी, प्रश्न कसा विचारावा, फळ्यावर अक्षर केवढं काढावं, सगळं बारकाईनं सांगत. वर्गासमोर शिक्षकानं कधी निरुत्तर होऊ नये, असा त्यांचा नियम होता. मला त्याची धास्तीच बसली. पाठाचं टाचण काढताना मुली काय काय विचारतील याचा अंदाज बांधून मी उत्तरं आधीच घोकून ठेवी.

दुपारी आम्हाला खडेबाजारामागच्या मुलींच्या शाळेत पाठ बघायला पाठवत. तिथल्या तिसरीच्या बाई पन्नाशीच्या, अंगानं किरकोळ, आवाज इतका हलका की मागं बसलेल्या आम्हाला कान द्यावा लागे. तरी त्यांच्या वर्गात छडी मी कधी पाहिली नाही.

एके दिवशी पाठ होता बी आणि रोप. बाईंनी भिजवलेले पावटे आणले होते. प्रत्येकीच्या हातावर एकेक ठेवून त्यांनी साल काढायला लावली, दोन डाळी उघडायला लावल्या आणि आतला इवलासा कोंब मुलींनाच शोधू दिला. पाठ सरांनी शिकवल्याबरहुकूम चालला होता. तेवढ्यात एक मुलगी उभी राहिली. शिकायला मावशीकडे येऊन राहिलेली ती आमच्या भागातलीच आहे, हे तिच्या बोलण्यावरून कळलं.

"बाई, तंबाखूचं बी तर लई बारीक असतंय. त्यात कोंब कुठं बसतोय?"

शहरातल्या मुली तिच्या बोलण्याला हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक नाही गं. तंबाखूचं बी मी कधी हातात धरलेलं नाही. तू आणशील का?"

आम्ही शिकाऊ मुली एकमेकींकडे बघायला लागलो. इतक्या जणींसमोर शिक्षिका ठाऊक नाही म्हणते, हे आमच्या कल्पनेबाहेरचं होतं. मी तर तंबाखूतच वाढलेली. रोपांसाठी वाफ्यात टाकताना ते धुळीसारखं बी कितीदा पाहिलेलं, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मुलीनं घरून बी मागवलं. बाईंनी ताटात ओलं फडकं अंथरून त्यावर ते पसरलं. रोज पाणी शिंपडायचं काम त्या मुलीकडे आणि तिला हसणाऱ्यांपैकी एकीकडे दिलं. आठवडा उलटून गेल्यावर फडक्यावर हिरवट लव दिसू लागली. बाईंनी ओळखीच्या घड्याळजीकडून भिंग मागून आणलं आणि मुलींबरोबर जमिनीवर ओणव्या होऊन बघायला लागल्या. प्रत्येक ठिपक्याला दोन पानं होती. त्या वयस्क बाईंच्या तोंडावरचा आनंद बघून मला भरून आलं.

शाळा सुटल्यावर मी धीर करून विचारलं, आम्ही सगळ्या बघत असताना तुम्हाला अवघड नाही वाटलं?

"अवघड कशाचं?" बाई म्हणाल्या. "काहीतरी सांगून तिला खाली बसवलं असतं, तर पुन्हा ती उठली नसती."

पुढे माझी वर्गात पाठ घेण्याची परीक्षा आली. मला मिठावरचा पाठ मिळाला होता आणि मागे परीक्षक साहेब बसले होते. पाठ बरा चालला असताना एका मुलीनं विचारलं, नद्यांचं गोडं पाणीच समुद्राला मिळतं, तर समुद्र खारट कसा? मी घोकलेल्या उत्तरांत हे नव्हतं. मग मी म्हणाले, "मला ठाऊक नाही. पण शोधून काढू आपण." नापास झाले असं मनाशी धरून मी उभी राहिले.

साहेब उठले ते थेट फळ्यापाशी आले. नद्या वाटेतल्या मातीतून, खडकांतून थोडं थोडं मीठ आणतात, उन्हानं समुद्राच्या पाण्याची वाफ होते आणि मीठ मागं उरतं, हे त्यांनी चित्र काढून समजावलं. लगेच दुसरीनं विचारलं, आमच्या विहिरीचं पाणी मचूळ का? साहेब घुटमळले आणि विहीर बघावी लागेल म्हणाले. मुलींना फार मजा वाटली. जाताना त्यांनी मला एवढंच विचारलं की वर्गासमोर ठाऊक नाही म्हणायला तुम्ही कुणाकडून शिकलात. मी बाईंचं नाव सांगितलं.

मी पास झाले आणि नेमणूक चिकोडीला झाली. जाण्याआधी बाईंच्या घरी निरोप घ्यायला गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. परीक्षेची हकीकत सांगितली, साहेबांना त्यांचं नाव दिल्याचंही सांगितलं. सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "ते समुद्राचं मला नीट सांग. वाफेबरोबर मीठ का जात नाही?"

मी त्यांच्याशेजारी बसून, मला येत होतं तेवढं सांगायला लागले.