नोरीनने सोललेले पापुद्रे

सारंग खांबेटे माणसं चेहऱ्याआधी पायांवरून ओळखायचा. कोण टाच घासत चालतो, कोणाचं पाऊल फताडं पडतं, घाईत कोण चवड्यांवर येतो, हे त्याला न बघता बघायची सवय होती. उमेदीची वर्षं त्याने चाकणला मोटारींच्या पेंट शॉपमध्ये काढली होती. तिथे ओल्या रंगावर धुळीचा एक कण बसला की अख्खं दार घासून पुन्हा रंगवावं लागे. ही धूळ माणसांच्या पायांनी आणि ट्रॉल्यांच्या चाकांनी आत येते, हे तेव्हापासून त्याच्या अंगात मुरलेलं. त्याच जोरावर त्याला आयर्लंडमध्ये, ॲथलोनच्या कारखान्यात नोकरी लागली. हृदयाच्या रक्तवाहिनीतून सरकवायच्या बारीक नळ्या तिथे बनत. मोटारीवरचा कण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत खुपतो, नळीवरचा कण माणसाच्या रक्तात जातो, असं तो घरी येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगे.

कारखान्यात नवी क्लीनरूम, म्हणजे धुळीचा कणही आत चालत नाही अशी खोली, उभी राहिली, तेव्हा तिच्या दारांतल्या चिकट मॅट निवडायचं काम त्याच्याकडे आलं. वस्तू तशी साधीच. चिकट प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांची थप्पी जमिनीवर बसवायची, वरचा पापुद्रा मळला की सोलून टाकायचा, खाली नवा तयार. यात निवडायचं ते काय, असं सगळ्यांना वाटलं. सारंगने मात्र तीन कंपन्यांचे नमुने मागवले आणि दारात उभं राहून लोकांना त्यावरून चालायला लावलं. एक मॅट इतकी चिकट की बुटांवरची कव्हरं फाटायची आणि वयस्क बायका अडखळायच्या. दुसरीचा चिकटपणा इथल्या दमट हवेत दुपारपर्यंत जायचा. त्याने तिसरी घेतली, तीही पांढरी, म्हणजे मळ लपणार नाही. लांबी अशी ठेवली की दोन्ही पाय दोनदोनदा तरी पडलेच पाहिजेत. सामानाच्या दारातली, फरशीला न चिकटवता सुट्या पातळ पत्र्यावर बसवलेली, तर आणखी लांब, कारण ट्रॉलीच्या चाकाचा पूर्ण फेरा मॅटवरच व्हायला हवा.

त्याचा साहेब पियूष गावंडे नागपूरचा, वयाने त्याच्याहून लहान आणि चटपटीत. सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "सारंगभाऊ, तुम्ही तर मॅटवर पीएचडी केली!" इतर हसले. सारंगही हसला.

त्यानंतर केव्हातरी कॅन्टीनमध्ये लोक त्याला 'मॅट' म्हणू लागले. "कसं काय, मॅट?" "सगळं ग्रँड ना, मॅट?" मॅट म्हणजे मॅथ्यूचं लाडकं रूप, हे त्याला ठाऊक होतं. सारंग म्हणताना यांची जीभ वळत नाही, म्हणून आपलं हक्काचं आयरिश नाव ठेवलंय, असं त्याने धरलं. घरी आल्यावर त्याने ते मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"मग मी कोण? मिसेस मॅट?" बायको वैदेही पोळ्या लाटता लाटता म्हणाली. त्यांची मुलगी, तिचं नाव पूर्वी, शाळेचा गणवेश न बदलताच टेबलाशी बसली होती. तिने बापाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा फोनमध्ये मान घातली.

कारखान्यात त्याला सारंग म्हणणारं एकच माणूस होतं, नोरीन. ती कंत्राटावरची सफाई कामगार, साठी ओलांडलेली, शॅनन नदीपलीकडे एकटी राहणारी. पहिल्याच दिवशी तिने त्याचं नाव तीन वेळा म्हणून घेतलं आणि मग कधी चुकली नाही. मॅट कशी सांभाळायची ते त्यानेच तिला शिकवलं होतं. खालची फरशी धुवायची आणि खडखडीत वाळू द्यायची, नाहीतर मॅटखाली हवेचे फुगे धरतात आणि कडा उचलतात. पापुद्रा कोपऱ्यातून धरायचा, सावकाश ओढायचा, मळलेली बाजू आत दुमडत न्यायची. खसकन ओढलं की धरलेली धूळ परत उडते. नोरीन ते असं करायची, जसं कोणी झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण काढावं. करताना पुटपुटायची, "सावकाश, बाई, सावकाश."

हिवाळा सुरू झाला आणि क्लीनरूमच्या हवेतले कण वाढू लागले. मग नळ्यांच्या एका खेपेत बारीक तंतू सापडले. ती सगळी खेप बाजूला काढावी लागली. कोणाचं चुकलं, याचा शोध सुरू झाला.

सारंग दोन दिवस दारांशी उभा राहिला. माणसांच्या दारातली मॅट जशी मळायला हवी तशी मळत होती आणि नोरीन वेळच्या वेळी पापुद्रे काढत होती. सामानाच्या दारातली मॅट मात्र पांढरीशुभ्र होती. दिवसभर ट्रॉल्यांची ये-जा आणि चाकाची एकही रेघ नाही! तो खोक्यांच्या आड थांबला. जरा वेळाने ट्रॉली घेऊन दोघं आले. एकाने पायाने मॅट भिंतीकडे सरकवली, ट्रॉली सुसाट आत गेली, दुसऱ्याने मॅट जागेवर ढकलली. विचारलं तर ते खांदे उडवून म्हणाले, "पियूषने सांगितलंय. मॅटवर चाकं अडकतात, उशीर होतो."

पियूष त्या आठवड्यात जेवायला यायचाच होता. तो एकटा राहायचा आणि वैदेहीच्या हातचं भरलं वांगं त्याला फार आवडे. जेवण झाल्यावर सारंगने हळूच विषय काढला. पियूषने सगळं ऐकून घेतलं.

"काहून टेन्शन घेता, भाऊ? मोठी ऑर्डर होती, म्हणून दोन दिवस जरा ढील दिली. मी पाहतो. तुम्ही कोणाला बोलू नका."

सारंग खरंच कोणाला बोलला नाही. त्यामुळे चौकशीच्या बैठकीत जे झालं त्याला तो तयार नव्हता.

मुख्य कचेरीतून आलेली एक बाई टेबलाच्या टोकाशी बसली होती. तिने विचारलं, "कण येतात कुठून?" सारंगने तोंड उघडलं तोच पियूष बोलू लागला. सामानाचं दार त्याने स्वतः तपासलं होतं. तिथली मॅट पाहा, डागसुद्धा नाही. म्हणजे गडबड माणसांच्या दारात आहे. एकतर मॅटची निवड चुकली, नाहीतर निगा.

"मॅटलाच विचारा की," मागून कोणीतरी म्हणालं, आणि टेबलाभोवती दबकं हसू पसरलं. ती बाईसुद्धा हसली, कशाला हसतोय ते नीट न कळता.

सारंगने पियूषकडे पाहिलं. पियूषही हसत होता. सारंगला सांगता आलं असतं. मॅट सरकवणारे दोघं खालीच होते, बोलावता आले असते. पण तो शब्द जुळवत होता तोवर बैठक पुढच्या विषयाकडे गेली.

संध्याकाळी घरी तो नुसता सोफ्यावर बसून राहिला. वैदेहीने खोदून विचारल्यावर झालं ते सांगितलं. "ते हसले कशाला, तेच मला कळलं नाही," असं तो दोनदा म्हणाला.

पूर्वीने तिच्या आयरिश वळणाच्या इंग्रजीत उत्तर दिलं. "डॅड, ते तुला मॅट म्हणतात म्हणजे मॅथ्यू नाही. डोअरमॅट. पाय पुसायचं. माझ्या मैत्रिणीचा बाबा तुमच्या डिस्पॅचला आहे. शाळेत सगळ्यांना माहितीये."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुझ्या त्या पियूषने नाव पाडलं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू किती खूश होतास!" ती म्हणाली. मग डोळे न उचलता, "मला लाज वाटते, डॅड."

वैदेही तिच्यावर ओरडली. सारंग उठला आणि पेल्यात पाणी घेऊन ते न पिताच सिंकमध्ये ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पियूषने त्याला कारखान्याबाहेर गाठलं. पाऊस भुरभुरत होता. दोघं सायकलींच्या छपराखाली उभे राहिले.

"भाऊ, सरळ बोलतो. वरच्यांना एक नाव पाहिजे. निवड चुकली म्हणाल, तर ते तुम्ही. निगा चुकली म्हणाल, तर ती म्हातारी. कंत्राटी आहे, दुसरीकडे लागेल कुठंतरी. तुम्ही फक्त सांगायचं की मळलेले पापुद्रे तसेच राहत होते."

"राहत नव्हते," सारंग म्हणाला.

"मले माहीत आहे. मी तुम्हाले ते विचारतच नाही आहे."

सारंगला नकार द्यायचा होता. तसं तो मनाशी घोळवतही होता. पण पियूषच्या तोंडावरचं ते निवांतपण, कालचं हसू, लेकीची खाली घातलेली मान, सगळं त्याच्या छातीत एकावर एक बसलं होतं. आपल्याहूनही खाली कोणीतरी आहे आणि त्याच्यावर पाय ठेवता येतो, हे त्या क्षणी त्याला उमगलं. आणि खोटं कशाला, त्याला हायसं वाटलं.

दुपारी मुख्य कचेरीच्या त्या बाईने विचारलं तेव्हा तो स्पष्ट शब्दांत म्हणाला, "मी तिला दोनतीनदा टोकलं होतं. तिचं वय झालंय. तिच्या लक्षात राहत नाही."

'लक्षात राहत नाही' हे पियूषने सांगितलं नव्हतं. ती त्याची स्वतःची भर होती.

नोरीनला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. शेवटच्या दिवशी ती कार पार्कमध्ये त्याच्या गाडीजवळ वाट बघत थांबली होती. अंगात जुना हिरवा कोट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कामाचे बूट. ती भांडेल म्हणून तो मनाची तयारी करूनच पुढे गेला.

"सारंग, मी रागावलेली नाही," ती म्हणाली. "मला एवढंच सांग. ते म्हणतात तसं तू मला खरंच टोकलं होतंस?"

गाडीची किल्ली त्याच्या हातात होती.

"मला आठवत नाही रे," ती म्हणाली. "एकदाही आठवत नाही. पापुद्रे मी काढले असंच मला आठवतं. रोज. कोपऱ्यातून, सावकाश. पण तू कशाला खोटं बोलशील? तू कधी खोटं बोलला नाहीस." तिचा आवाज पातळ झाला. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. तिला वाटायचं गॅस बंद केला, आणि तो चालूच असायचा."

आता एक वाक्य पुरे होतं. ते त्याच्या तोंडात आलं, अगदी दातांपर्यंत. तेवढ्यात दारातून शिफ्ट सुटली, माणसं बाहेर येऊ लागली, आणि कोणीतरी लांबून हाक मारली, "गुड नाइट, मॅट!"

"हो," सारंग नोरीनला म्हणाला. "मी टोकलं होतं. दोनतीनदा. तुम्ही 'हो हो' म्हणायचात आणि विसरायचात."

तिने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "दुसरं कोणी तोंडावर सांगितलं नसतं."

पुढे सगळं पियूषच्या मनासारखं झालं. मोठी ऑर्डर निघून गेली होती, तेव्हा ट्रॉल्या पुन्हा मॅटवरून नेण्याचा हुकूम त्याने गुपचूप दिला. हवेतले कण कमी झाले. म्हातारी गेली आणि खोली सुधारली, याला आता कण मोजणाऱ्या यंत्राचाच पुरावा होता. वसंत येईतो पियूष बढती घेऊन डब्लिनला गेला. बॉल्सब्रिजला ऑफिस, डून लेरीला समुद्रासमोर फ्लॅट. जाताना त्याने सारंगला मिठी मारली आणि वहिनींच्या वांग्याची आठवण येईल म्हणाला. वैदेहीने त्याला डबा भरून दिला. छपराखालचं बोलणं तिला कधीच कळलं नाही.

सारंगची नोकरी टिकली आणि नावही टिकलं. नोरीनच्या जागी आलेला माणूस पापुद्रे खसकन ओढायचा. सारंग त्याला एकदा ओरडला, दुसऱ्यांदा ओरडला, आणि मग त्याने ते काम बघणं सोडून दिलं.

उन्हाळ्यात एका शनिवारी तो, वैदेही आणि पूर्वी गावातल्या मॉलमध्ये गेले होते. वैदेही एका दुकानात शिरली. सारंग बाहेर बाकावर बसला होता, शेजारी पूर्वी. समोरून नोरीन आली. अंगावर भर उन्हाळ्यातही तोच कोट. एका चाळिशीच्या बाईने तिला दंडाला धरलं होतं. नोरीन पायाखाली बघत चालत होती, फरशी एकेक करून तपासावी तशी.

तिने त्याला ओळखलं. "सारंग!" म्हणाली. उच्चार अचूक. मग लगेच दंड धरणाऱ्या बाईकडे वळून विचारलं, "बरोबर ना? सारंगच ना?"

"बरोबर, आई," ती बाई म्हणाली. ती नोरीनची मुलगी शिव्हॉन. लंडनहून आईसाठी परत आली होती. नोरीन दुकानाच्या काचेआडची हातपुसणी बघत जरा मागे राहिली, तशी शिव्हॉन सारंगजवळ आली.

"तुमचे आभार मानायचे राहिले," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही बोललात म्हणून आम्हाला वेळीच कळलं. डॉक्टरांना तपासणीत अजून काही सापडत नाही. म्हणतात, स्मरण उत्तम आहे. पण तिचा विश्वासच बसत नाही. गाडी चालवणं सोडलं. स्वयंपाक सोडला. गॅस आम्ही काढूनच टाकला. एकटी बाहेर पडत नाही. दिवसभर विचारते, मी हे केलं का, ते केलं का."

"काळजी घ्या त्यांची," सारंग म्हणाला.

शिव्हॉनने त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. मायलेकी गर्दीतून पुढे निघाल्या. नोरीनने जाताना वळून हात हलवला आणि हलवता हलवता मुलीला काहीतरी विचारलं.

पूर्वी त्यांच्याकडे बघत होती. "डॅड, ही तीच का? क्लीनर? जी सगळं विसरायला लागली होती?"

वैदेही दुकानातून पिशव्या घेऊन बाहेर आली. सारंग उठला, तिच्या हातातली जड पिशवी घेतली.

"हो," तो पूर्वीला म्हणाला. "तीच."