कागदावरची शिलाई

नाचणगावला त्या बाई रोज माझ्याच बसमध्ये चढायच्या. वय पन्नाशीचं, खांद्यावर लेकीचं जुनं दप्तर. आयटीआयत मी इलेक्ट्रिशियनला, त्या शिवणकामाला. तिथे नवशिक्यांना आधी दोरा न ओवता कागदावर मशीन चालवायला लावतात. परतताना त्या तो भोकाभोकांचा कागद खिडकीशी धरायच्या आणि उजेडात रेघ वाकडी दिसली की स्वतःवरच चिडायच्या.

एकदा मात्र चिडल्या नाहीत. कागद माझ्या हातात देत म्हणाल्या, "पाह्य वं माय! जनमभर थोरल्या जावेचे जुने ब्लाऊज घातले. आता माह्या मापाचा शिवतो."

नाव विचारायचं राहूनच गेलं. कागद मात्र माझ्याकडे आहे. परवा उजेडात धरला. रेघ शेवटाला चांगलीच वाकडी आहे. त्या दिवशी आम्हा दोघींनाही ती सरळच दिसली होती.