डब्यातला थर्मोस्टॅट

अयूबभाईंनी दत्तात्रेयसरांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा फक्त त्यांचे बूट पाहिले. भाई दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या जीपखाली आडवे होते आणि ते चकचकीत बूट वर्गात फिरावं तसे फेऱ्या मारत, हातखंब्याच्या चढावर आपली गाडी कशी उकळली ते अर्धा तास शिकवत होते. मध्येच 'समजलं का?' असंही विचारत होते. सर निवृत्त मुख्याध्यापक होते हे भाईंना नंतर कळलं. पण जीपखाली त्यांना पाचवीत न आलेला एकोणतीसचा पाढा आठवून घाम फुटला होता.

रत्नागिरीतला सर्वांत खात्रीचा मेकॅनिक म्हणजे अयूबभाई, निदान त्यांची स्वतःची तशी खात्री होती. सरांच्या जुन्या गाडीच्या रेडिएटरचा पंखा बंद पडला होता. तो त्यांनी बदलला. आणि जाता जाता, उस्तादानं शिकवल्याप्रमाणे, थर्मोस्टॅटही काढून टाकला. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप. कोकणातल्या उन्हात तिचं काय काम, असा भाईंचा सवाल. तीस वर्षांत काढलेल्या सगळ्या झडपा बिस्किटाच्या डब्यात होत्या. दंतवैद्यानं उपटलेल्या दाढा दाखवाव्यात तसा तो डबा ते गिऱ्हाइकाला खुळखुळवून दाखवत.

पुढे लिटरला सोळा किलोमीटर जाणारी गाडी दहावर आली. भाईंनी एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, इंजेक्टर धुतले, टायरची हवा पाहिली, टाकीखालची जमीनसुद्धा हुंगली. काही सापडेना. आपल्याला सापडत नाही म्हणजे दोष गाडीत नाहीच, हे उघड होतं.

"सर, पेट्रोल गाडी पीत नाही," ते म्हणाले. "दुसरंच कोणीतरी काढतंय."

दुसरं कोणीतरी म्हणजे अकरा वर्षं सरांची गाडी चालवणारा शिवा. सरांनी त्याला दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं आणि कारण आळीभर सांगितलं.

शिवा गेला तरी गाडी दहाच. तेव्हा कुठे भाईंनी स्कॅनर मागून आणला, गाडीला जोडला आणि भाट्याच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन पाहिलं. इंजिनाचं तापमान साठच्या वर चढेना. इंजिन अजून थंडच आहे अशा समजुतीनं गाडीचा कॉम्प्युटर इतके महिने तिला जादा पेट्रोल पाजत होता. भाईंनी गाडी सुरूच्या झाडांखाली कडेला घेतली, तेव्हा त्यांना बिस्किटाचा डबा आठवला.

नवा थर्मोस्टॅट बसवून त्यांनी सरांना सगळं सांगितलं. सरांनी चष्मा पुसला. नवा ड्रायव्हर ठेवलाय, आता मागचं उकरू नका, म्हणाले.

भाई एकटेच स्कूटरवरून शिवाच्या गावी, सावर्ड्याला गेले. शिवा हायवेवरच्या दुकानात सिमेंटची पोती उतरवत होता. चूक माझी, आळीत घरोघर जाऊन सांगतो, असं भाई म्हणाले. शिवानं पाठीवरचं पोतं खाली ठेवलं नाही.

"भाई, माझ्या आयशीन पण इचारलान, खरंच घेतलंस काय रे? तुम्ही आता गावभर सांगा. ती तर इचारून बसली."

गाडी आता पुन्हा लिटरला सोळा जाते. हा नव्या ड्रायव्हरच्या हाताचा गुण, असं सर आळीत सांगतात.