इनासच्या बाटलीवरच्या रेघा

इनास गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही, ती मीच दिली. इस्पितळाच्या व्हरांड्यातून त्याच्या बायकोला, मार्थावहिनींना, फोन केला. त्या म्हणाल्या, "काय खाल्ल्यान मा तेना, भावोजी?" मी म्हणालो, "हो. वेळेवर." ते खोटं नव्हतं. दर पाऊण तासाला एक केळं किंवा चार खजूर, दर पंधरा मिनिटांनी दोनशे मिलीलिटर पाणी, असा कागद माझ्या अक्षरात त्याच्या सायकलच्या दांडीवर चिकटवलेला होता, आणि इनासने तो शेवटपर्यंत पाळला. त्या उत्तरात जे सांगायचं राहिलं, ते सात आठवड्यांनी लिहितो आहे.

इनास होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, मी जमिनीची मोजणी करतो. वीस वर्षांचा शेजार. चार वर्षांपूर्वी दोघांनी जाड टायरच्या गिअरच्या सायकली घेतल्या आणि रविवारी सड्यांवरच्या, म्हणजे कातळी पठारांवरच्या, लाल वाटा तुडवायला लागलो. पहिली तीन वर्षं तो स्टीलच्या डब्यात पेज घेऊन यायचा. उकड्या तांदळाची, वरून मीठ, सोबत खारातली कैरी. सकाळी दहा वाजले की जिथे असेल तिथे काजूच्या सावलीत सायकल आडवी टाकायचा. "पेजेचो टायम झालो." वाटेने गुरं घेऊन कुणी चाललेला दिसला तर त्यालाही हाक मारायचा, आणि अर्धा डबा तिथेच जायचा. यात वीस-पंचवीस मिनिटं मोडायची. मी घड्याळ बघत उभा राहायचो. "काय रे मोजणीदारा," तो म्हणायचा, "तुझ्या पोटात मीटर बसयललो आसा काय? माका तान लागली काय मी पितंय. तेका घड्याळ कित्याक व्हया?"

गेल्या वर्षी त्याचं ब्लड प्रेशर वाढलेलं निघालं. लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. कमी म्हणजे किती, घाम गाळायच्या दिवशी किती, हे मी त्याला विचारायला लावलं नाही. शून्य हा आकडा मीच ठरवला. मोबाइलवर वाचून तक्ता केला, त्याच्या बाटलीवर पक्क्या मार्करने रेघा मारल्या आणि पेज बंद केली. माझ्या बाटलीत मात्र लिंबू, साखर आणि मीठ असायचं, खिशात खारे शेंगदाणे. एकदा त्याने शेंगदाण्यांना हात लावला तेव्हा मी पुडी बाजूला घेतली. "प्रेशरवाल्यांसाठी नाही." तो हसला होता... त्या हसण्याला मी तेव्हा संमती समजलो.

ऑक्टोबरचं ऊन होतं. पहाटे सहाला विजयदुर्गाकडे निघालो, मुक्काम तिथेच करायचा होता. दहा वाजता इनासने एका काजूकडे पाहिलं, पण थांबला नाही. अकराच्या सुमारास म्हणाला, बोटं सुजली आहेत, अंगठी निघत नाही. मग डोकं दुखू लागलं. "माका तान नाय रे आता. पोटात पाणी नुसता डचमाळता." मी बाटलीवरची रेघ दाखवली. "दोनशे राहिलेत, संपव." त्याने संपवलं. बाराला त्याला उलटी झाली. मला वाटलं, ऊन लागलं. सावलीत बसवून आणखी एक लिटर पाणी थोडंथोडं करून पाजलं. पाजताना मी त्याला रागावलोसुद्धा. थोड्या वेळाने तो म्हणाला, "खंय आसंव आपण?" तो सडा त्याच्या आजोळचा. लहानपणी त्याने तिथे गुरं चारली होती. मग त्याला फिट आली. एका टेम्पोवाल्याने आम्हा दोघांना इस्पितळात पोचवलं.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, किती पाणी प्यायले? मी सांगितलं, पाच लिटर आठशे. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि आकडा लिहून घेतला. पुढे जे समजावलं त्याचा अर्थ एवढाच की घामातून मीठ जात राहिलं, गोळीनेही गेलं, भरीला नुसतं पाणी येत राहिलं, रक्तातलं मीठ फार उतरलं आणि मेंदूला सूज आली. त्याच संध्याकाळी, मार्थावहिनी वाटेत असतानाच, तो गेला.

आमच्या सायकल ग्रुपवर लगेच मजकूर फिरला : आवडतं काम करता करता गेला. ते वाचलं की माझं डोकं अजूनही उठतं. इनासला काजूखाली बसून पेज खायला आवडायचं. ती मी बंद केली होती. याच ग्रुपने पुढे मला नव्या लोकांना लांबच्या सायकलिंगमध्ये काय खावं-प्यावं ते सांगायला बोलावलं. मी दोन मिनिटं बोललो. तहान लागेल तेव्हा प्या. घाम जातो तेव्हा मीठही जातं. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, माझ्यासारख्याला विचारू नका. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी उठून घरी आलो.

चर्चमधल्या त्याच्या महिन्याच्या मिस्सानंतर मार्थावहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं, आकड्यांसकट. शेंगदाण्यांचंही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तो सांगी, मोजणीदार माझ्यापेक्षा जास्त काळजी घेता माझी." एवढं बोलून आत गेल्या आणि त्याची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली. काथ्याने, राखेने घासली होती, आतून बाहेरून. रेघा तशाच होत्या. "ह्यो जायनत," त्या म्हणाल्या. "तुमीच घेवन जावा."

मी उठणार तेवढ्यात म्हणाल्या, "बसा. धा वाजले." इनासच्या वाडग्यात त्यांनी पेज वाढली आणि समोर बसल्या. पहिला घोट घेतला. पेज अळणी होती. मिठाची बरणी त्यांच्या कोपराशीच होती. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी मीठ मागितलं नाही. वाडगा रिकामा होईपर्यंत प्यायलो.