बरणीचं कुंकू

नातवंडांनो, मला दहावीचं विज्ञान शिकवायला मिळालं ते माझ्या इंग्रजी माध्यमातल्या बी.एस्सी.मुळे, असं तुमचे आजोबा सांगतात. खोटं आहे. ते मिळालं लोणच्याच्या बरणीमुळे.

तेव्हा देवपूरच्या शाळेत मी शिवण आणि आरोग्य शिकवायची. विज्ञान मागितलं, तर मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, वीज झेपेल का तुम्हाला? दसरा झाला की काही करून दाखवा, मग बघू."

मी वीज साठवणारा कपॅसिटर बनवला. काचेच्या बरणीला आतून-बाहेरून सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, झाकणातून खिळा, खिळ्याला आत लोंबणारी साखळी. गळ्याजवळची चार बोटं काच मात्र उघडी आणि कोरडी हवी, नाहीतर आतली वीज काचेवरून बाहेर पळते. पाकिटं मुख्याध्यापकांचीच. शास्त्रासाठी त्यांनी नकळत फुप्फुसं झिजवली. माहेरच्या केळीच्या मळ्यातला प्लॅस्टिकचा पाइप लोकरीवर घासून खिळ्याला लावत राहायचं, की बरणी भरते. घरी झकास ठिणगी पडली.

खंडेनवमीला सासूबाईंनी विळी, शिलाई मशीन आणि बरणी अशी ओळीने पुजली. "नवी वस्तू शे, तिले कुकू नको?" झेंडूची माळ मी नंतर काढली. खिळ्याला लावलेलं ओलं कुंकू राहू दिलं.

शाळेत सगळ्या शिक्षकांसमोर पाइप घासून माझा खांदा दुखला. ठिणगी नाही. साखळी पाहिली, ठीक. कागद पाहिला, ठीक.

"राहू द्या बाई, शिवण काही वाईट नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

तेवढ्यात दिसलं. कुंकवाचा ओघळ खिळ्यापासून उघड्या काचेवरून थेट बाहेरच्या कागदापर्यंत उतरला होता. सकाळच्या दमट हवेत तो पुन्हा ओलसर झाला होता आणि वीज त्यावरून घरंगळत होती. मी पदर ओला केला.

"अगं बाई! कुंकू पुसता?" चित्रकलेच्या बाई किंचाळल्या.

"बरणीचा नवरा हयात असेल तर त्याने पुढे यावं," मी म्हटलं.

कोणी आलं नाही. काच पुसली, उन्हात वाळवली, पुन्हा पाइप घासला. मुख्याध्यापकांनी एका हाताने बरणी धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट ऐटीत खिळ्याकडे नेलं.

"आय गं!"

बोट चोखतच ते म्हणाले, "सोमवारपासून दहावी अ घ्या."

घरी मी सासूबाईंना ओघळाचं शास्त्र नीट, क्रमाने समजावलं.

"पूजानं फळ शे ते," त्या म्हणाल्या.