घुगऱ्यांवरून काढलेला अंदाज

आज जिवंत असलेल्या माणसांपेक्षा अजून जन्माला न आलेल्या माणसांची जास्त काळजी करणारा गृहस्थ चंद्रपूर-गडचिरोलीच्या अख्ख्या जंगलपट्ट्यात एकच आहे, आणि ते नेमके माझे मामेसासरे निघावेत, याला नशीबच लागतं. त्यांची सारी नोकरी पंचायत समितीत आकडेवारीच्या टेबलावर गेली. कोणत्या गावात पुढं किती माणसं होतील, त्यांना पाणी किती लागेल, शाळेला खोल्या किती लागतील, याचे अंदाज बांधायचे आणि वर पाठवायचे. वर ते कुणी उघडून पाहत होतं की नाही, देव जाणे! निवृत्तीच्या दिवशी नारळ मिळाला, शाल मिळाली, टेबल तिथंच राहिलं. पण अंदाज बांधायची खोड मात्र मामाजींसोबत एसटीत बसून मूल तालुक्यातल्या त्यांच्या गावी मुक्कामाला आली.

मला तिचा पहिला प्रसाद माझ्याच लग्नात मिळाला. लोक स्टेजवर येत होते, पाकिटं देत होते, सुखानं राहा म्हणत होते. मामाजी आले, आम्हा दोघांना वरून खाली न्याहाळलं आणि गंभीरपणे विचारलं, "जवाईबापू, भद्रावतीलेच राह्यणार का तुमी?" मी हो म्हणालो. "मंग शाळा आताच पाहून ठेवा. तिकडं कॉलन्या वाढून राह्यल्या. मांगून जागा नाई भेटत." अहो, मी अजून बायकोशी दोन वाक्यं धड बोललो नव्हतो! ती लाजून लाल झाली, फोटोवाल्यानं नेमका तोच क्षण टिपला, आणि तो फोटो आजही आमच्या भिंतीवर आहे. पुढं आमच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांनी आणलेली चड्डी त्याला शाळेत जायला लागल्यावर बसली. "लेकरू काय आहे तेवढंच राह्यते का?" हे त्यांचं त्यावरचं उत्तर.

मामींचं म्हणणं वेगळं. "या माणसाले दहा वर्साच्या बादचं दिसते, अन् संध्याकाळी जेवाले किती येतीन ते दिसत नाई." याला आधार होता. घरच्या एका जेवणाला मामाजींनी शेजारच्या गावातून कोण कोण येईल, त्यातले म्हातारे किती, जेवणारे किती, असा रीतसर हिशेब करून वांग्याची भाजी आणि भात रांधायला लावला. आणि त्याच संध्याकाळी मधल्या जंगलातल्या रस्त्यावर वाघ ठाण मांडून बसला. पलीकडून चिटपाखरू आलं नाही. दुसऱ्या दिवशी आपल्याच गावाला पुन्हा आवतण द्यावं लागलं. मामाजी मात्र खचले नाहीत. "अंदाज बराबर होता," ते म्हणाले, "फक्त वाघ धरला नव्हता."

तर अशा माणसाकडं गावच्या सरपंचबाई सल्ल्याला आल्या. गावाचा पुढच्या वर्षांचा आराखडा करायचा होता आणि अंगणवाडीची खोली इतकी लहान, की एका कोपऱ्यात खिचडी शिजायची आणि दुसऱ्या कोपऱ्यातली लेकरं घामानं भिजायची. मोठी खोली बांधावी, असं बाईंच्या मनात होतं. पण गावात तांदळाच्या गिरणीचे मालक होते, पंचायतीचे सदस्य, आवाज मोठा. त्यांना त्याच निधीतून धानासाठी गोदाम हवं होतं. बाईंनी विचारलं, "मामाजी, पुढं गावात लेकरं किती राह्यतीन, तेवढं सांगा."

आता आली पंचाईत. सगळी बाळंतपणं हल्ली तालुक्याच्या दवाखान्यात होतात, जन्माची नोंदही तिथंच. त्यावरून आपलं गाव कसं कळणार? मामाजींनी डोकं लढवलं. मूल कुठंही जन्मो, बारसं तर घरी होतं, आणि बारशाच्या घुगऱ्या गावात वाटल्या जातात. ज्या घरून घुगऱ्या आल्या, त्या घरात लेकरू! मामाजींचं एकही बारसं चुकलेलं नव्हतं, घुगऱ्या तर त्यांचा जीव की प्राण. त्यांनी घरोघरीच्या घुगऱ्या आठवल्या, मामींकडून खात्री करून घेतली आणि ग्रामसभेत छातीठोकपणे सांगितलं, "पोट्टे मावणार नाई गा, एवढे येऊन राह्यले! खोली मोठीच लागन. अन् माया अंदाज चुकला, तं गावच्या कामात पुन्हा तोंड नाई घालणार." गिरणीवाले गुरगुरले, पण हात खोलीच्या बाजूनं वर झाले.

खोली झाली. काय खोली झाली! निळा रंग, भिंतीवर हत्ती, मोर. हात धुवायच्या तोट्या मामाजींनी मिस्त्रीशी भांडून इतक्या खाली बसवून घेतल्या, की मिस्त्री म्हणाला, "भाऊ, इथी बदकं हात धुतीन." मामाजी म्हणाले, "तीन वर्साचं लेकरू तेवढंच असते. मोजून पाह्य."

मग वर्षं गेली आणि लेकरं काही येईनात. म्हणजे होती तेवढीच आली. मोठ्या खोलीत ती एका भिंतीशी बसत, उरलेल्या फरशीवर अंगणवाडीच्या ताई नुसता झाडू मारत. मामाजी रोज दारातून डोकावत आणि परत जात. या दिवसांत ते घुगऱ्या खाईनासे झाले, असं मामींनी आम्हाला फोनवर सांगितलं, तेव्हा आम्हाला खरी काळजी वाटली आणि पुढच्या ग्रामसभेला आम्ही दोघं मुद्दाम गावी गेलो.

गिरणीवाले तयारीनंच आले होते. "कुठी आहे लेकरं?" ते गरजले. "खोली खाली पडली. तिथी धान ठेवा, कामाले तरी येईन." मामाजी मान खाली घालून बसलेले. शेवटी ताईच उठल्या. "मामाजी," त्या हळूच म्हणाल्या, "घुगऱ्या गावात वाटल्या, खरं आहे. पण ते पाळणे माहेरचे होते. पोरी बाळंतपणाले आल्या, बारसं झालं, लेकरं घेऊन सासरी गेल्या." सभेतल्या सगळ्या बायका फिस्सकन हसल्या. प्रत्येकीला हे ठाऊक होतं, फक्त कुणी त्यांना विचारलं नव्हतं!

सरपंचबाई मात्र हसल्या नाहीत. "मामाजी, घुगऱ्या तुमच्याबी घरून आल्या होत्या. तुमची लेक अन् नात तं कोरपन्याले राह्यते. हे तुमाले ठाऊक नव्हतं का?"

मामाजी उभे राहिले. "ठाऊक होतं बाई," ते म्हणाले. "जवाई सिमेंटच्या कारखान्यात आहे. गाडी घेऊन आला, माय-लेकीले घेऊन गेला. तिले वजा कराची होती. पण हात नाई धजला. अन् माया नातीले ठेवलं, तं दुसऱ्याच्या नातवाले कसा वजा करू? मंग कोणालेच नाई केलं. चूक माहीच आहे."

माझ्या बायकोनं पदर डोळ्याला लावला. गिरणीवाले खाकरले. त्यांची मुलगीही गडचिरोलीला दिलेली. "भाऊ," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "माया नातू धरला होता का त्याच्यात?"

"धरला होता ना," मामाजी म्हणाले. "तुमच्या घुगऱ्यात खोबरं होतं."

गिरणीवाले खाली बसले. "राहू द्या मंग खोली," ते म्हणाले. "धान माया वाड्यात ठेवतो."

मामाजींनी शब्द पाळला. आता गावच्या कामात ते तोंड घालत नाहीत. कुणी विचारलंच, तर ताईंकडं बोट दाखवतात. खोली मात्र अंगणवाडीचीच राहिली, आणि दिवाळीत गावच्या लेकी माहेरी आल्या, की सरपंचबाई ती दिवसभर उघडी ठेवतात. गेल्या दिवाळीत आम्ही गेलो, तेव्हा आत नुसता कल्लोळ होता. पोरांनी भिंतीवरच्या हत्तीला मिशा काढल्या होत्या. गिरणीवाल्यांचा नातू चिखलात लोळून आला होता. मामाजींची नात हात धुवायला तोटीशी गेली. तोटी तिच्या गुडघ्याशी आली होती. ती कमरेत वाकली आणि ओरडली, "आबाजी, हा नळ एवढा खाली काऊन लावला?"

"तुले लहान समजलो होतो वं," मामाजी म्हणाले, आणि टॉवेल घेऊन तिच्याजवळ गेले.

मी त्यांची गंमत करावी म्हणून विचारलं, "मामाजी, पुढच्या दिवाळीला किती लेकरं येतील?" वाटलं, आता बोटांवर मोजतील, भुवया चढवतील, कुणाचं कितवं ते सांगतील. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, नातीचे ओले हात पुसत राहिले.

"येतीन तेवढे आपले," ते म्हणाले.